पांढऱ्या धुराचा वास

डिसेंबरातली सकाळ, साडेसातचा सुमार. वारा पडलेला, पाण्यावर धुक्याचा हलका पदर, आणि मुंबईच्या अपोलो बंदरासमोर मूरिंगला, म्हणजे तळाशी नांगरलेल्या बोयेला, बांधलेल्या बोटींच्या डोलकाठ्या आपापल्या लयीत डुलत होत्या. त्यातल्या एका अठ्ठावीस फुटी शिडाच्या बोटीचं इंजिन सुरू झालं. दोनदा खोकलं, मग टकटकायला लागलं. मागच्या बाजूला, पाण्यापासून वीतभर उंचीवर असलेल्या पाइपातून पाण्याच्या बारीक पिचकाऱ्या उडायला लागल्या आणि पिचकाऱ्यांमागोमाग पांढरा धूर. मालकाने कॉकपिटमधून वाकून पाहिलं. कपाळाला आठी पडली. नोव्हेंबरातच सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी दोन्ही नोझल काढून, नव्या टिपा टाकून, टेस्ट करून बसवली होती. त्याचं बिल अजून चार्ट टेबलाच्या खणातच होतं. तरी धूर जसाच्या तसा. तेवढ्यात घारापुरीकडे निघालेली लाँच शेजारून गेली. कानांवरून मफलर घेतलेला तिचा तांडेल सुकाणूवरचा हात न काढता ओरडला, "ओ साहेब, वास कसला येतोय?" मालकाने हात वर केला. मालकाला तो प्रश्न बहुधा नमस्कार वाटला असावा.

लाँच गेली, तिच्या लाटांनी सगळ्या बोटी एकदा हलल्या आणि पुन्हा शांत झाल्या. प्रश्न मात्र तिथेच राहिला. धुराचा रंग सगळ्यांनी पाहिला होता. मालकाने, त्याच्या खलाशाने, नोझल बदलणाऱ्या मिस्त्रीनेही. "पांढरा धूर म्हणजे नोझल" हे वाक्य धक्क्यावर इतकं पाठ झालेलं आहे, की धूर दिसला की पाना थेट नोझलच्या नटावरच जातो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. हे दोन्ही ठोकताळे बऱ्यापैकी खरे आहेत. पांढऱ्याचं तसं नाही. पांढरं दिसणारी वस्तू एक नाही, तीन आहेत: पाण्याची वाफ, न जळलेल्या डिझेलचे बारीक थेंब आणि सिलिंडरमध्ये शिरलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं आतलं पाणी) किंवा खारं पाणी. तिन्ही डोळ्यांना जवळपास सारखी दिसतात, कारण हवेत तरंगणारे असे थेंब, पाण्याचे असोत की डिझेलचे, उजेडातले सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. डोळा तिथेच थांबतो. तांडेलाने नाकाचं विचारलं होतं.

त्यालाही कारण आहे. मासेमारीच्या बोटीवर बहुधा उभं, कोरडं धुराडं असतं. इंजिनाचा धूर सरळ वर आकाशात. त्या धुराड्यातून इंजिन गरम झाल्यावरही पांढरं काही येत असेल तर काहीतरी बिनसलंय हे शेंबडं पोरही सांगेल. शिडाच्या बोटीत मात्र धूर ओल्या वाटेने बाहेर पडतो, आणि ओल्या वाटेत थोडी वाफ ही रोजचीच. म्हणून इथे नुसतं पांढरं दिसलं एवढ्यावर काहीच ठरत नाही.

ती ओली वाट एकदा डोळ्यांसमोर आणली पाहिजे, कारण निम्मं निदान त्या नकाशातच असतं. बोटीच्या तळाला एक भोक, त्यावर सीकॉक, म्हणजे पाणी बंद-चालू करायची तोटी. तिथून समुद्राचं पाणी जाळीच्या गाळणीत, गाळणीतून रबरी इम्पेलरच्या, म्हणजे पात्यांच्या चाकाच्या, पंपात. गोड्या पाण्यावर थंड होणारं इंजिन असेल तर तिथून हीट एक्सचेंजरमध्ये, म्हणजे एका नळकांड्यातल्या बारीक नळ्यांच्या जुडग्यात. नळ्यांच्या आतून समुद्र जातो, बाहेरून इंजिनातलं कूलंट फिरतं, आणि दोघांची भेट न होता उष्णतेची देवाणघेवाण होते. नळ्यांतून बाहेर पडलेलं खारं पाणी मिक्सिंग एल्बोत जातं. एल्बो म्हणजे एक जाड वाकडा पाइप. त्यात एका बाजूने चारेकशे अंशांच्या घरातला तापलेला धूर येतो, दुसऱ्या बाजूने पाणी. दोघं एकमेकांत मिसळतात आणि धूर एकदम एवढा थंडावतो की पुढे साधा रबरी होज चालतो. मग वॉटरलॉक नावाचा डबा, तिथून होज हंसाच्या मानेसारखा वर चढून मागे उतरतो आणि पाणी व धूर एकत्र बाहेर पडतात. आपण जो पचाक पचाक आवाज ऐकतो तो हाच. हा आवाज ज्याच्या कानात बसलाय त्याला टेंपरेचर गेजच्या आधी कळतं, की आज पाणी कमी येतंय.

तर या एल्बोत पाणी पुरेसं असेल तर धूर थंड होतो, थोडी वाफ होते, बाहेर पडून विरते. पाणी कमी पडलं तर तेवढ्याच उष्णतेत थोडं पाणी जास्त तापतं आणि वाफेचा लोट होतो. इंजिन आतून ठणठणीत, नोझल उत्तम, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, नव्यासारखं, आणि तरी मागे पांढरा धूर. पुस्तकात लिहिलेलं असतं, की वाफ पाच-सात फुटांत विरते आणि डिझेलचा धूर पाण्यावर रेंगाळतो. मे महिन्यात दुपारी हे अगदी पटतं. डिसेंबरात सकाळी, वारा पडलेला आणि हवा दमट असताना, वाफही पन्नास फूट रेंगाळते. ज्या सकाळी ती बोट धूर सोडत होती ती नेमकी अशीच सकाळ होती.

डोळ्याची साक्ष म्हणूनच कच्ची.

नाकाची साक्ष घ्यायची तर डिंगीत, म्हणजे छोट्या होडीत, बसून एक्झॉस्टच्या बाजूला जावं. अगदी तोंडाशी नाक नेऊ नये, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो. हाताने थोडी हवा आपल्याकडे ओढून हुंगावं. न जळलेल्या डिझेलचा वास एकदा घेतला की विसरता येत नाही. घशात खवखव होते, डोळे चुरचुरतात, आणि तो वास पंपावरच्या डिझेलपेक्षा किंचित आंबट, करपट असतो. वाफेला वास नसतो, म्हणजे नेहमीच्या धुराचाच असतो. कूलंट गोडसर वास देतं, पण ओल्या एक्झॉस्टमध्ये ते इतक्या खाऱ्या पाण्यात मिसळून येतं की नाकावर फार विसंबू नये. मग कागद. खाकी कागदाचा तुकडा काठीला लावून धुरात मिनिटभर धरायचा आणि डेकवर उन्हात वाळत टाकायचा. वाफ आणि पाणी असेल तर कागद वाळतो, वर मिठाची पांढरी झाक राहते. डिझेल असेल तर वडापावच्या कागदावर उमटतात तसे पारदर्शक डाग राहतात, ते वाळत नाहीत. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आला का ते पाहा, असंही सांगतात. मुंबईच्या बंदरात हा सल्ला विनोदी आहे. इथे कुठल्याही सकाळी, कुणाचंही इंजिन सुरू नसताना पाण्यावर तवंग असतोच. त्यापेक्षा बादली धरावी. पंप पाणी ओढतो ते तळाकडून, पृष्ठभागावरचा तवंग त्यात येत नाही. एक्झॉस्टचं पाणी बादलीत घ्यायचं, सावलीत पाच मिनिटं ठेवायचं. वर रंग खेळायला लागले तर ते डिझेल आपल्याच इंजिनाचं.

बादली आणखी एक काम करते, आणि ते काम मिस्त्रीच्या दहा भाकितांपेक्षा मोलाचं आहे. इंजिन एका ठरलेल्या आरपीएमवर ठेवून, समजा १५००, अर्ध्या मिनिटात किती लिटर पाणी येतं ते मोजायचं. सगळं ठीक असताना एकदा मोजून लॉगबुकात लिहून ठेवलं की पुढे दरवेळी तुलना करता येते. हा आकडा प्रत्येक बोटीचा आपापला. दुसऱ्याचा आकडा उपयोगाचा नाही. किती मालकांच्या लॉगबुकात तो लिहिलेला सापडतो? वाऱ्याचे, भरती-ओहोटीचे, जेवणात काय होतं याचेसुद्धा तपशील सापडतात.

इंजिन सुरू होतानाचा पांढरा धूर ही वेगळीच गोष्ट आहे आणि तिला उगाच बदनाम केलं जातं. सेल्फ मारतोय, इंजिन पकडत नाही, आणि मागून पांढरट धूर येतोय, तर ती एका अर्थी चांगली बातमी आहे. डिझेल नोझलपर्यंत पोचतंय, सिलिंडरमध्ये फवारलं जातंय, फक्त पेट घेत नाही. धूर अजिबातच येत नसेल तर डिझेलच पोचलेलं नाही, मग टाकी, फिल्टर, एअर, स्टॉप केबल बघत बसा. डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेटतं आणि तेवढी उष्णता नुसत्या हवेला दाबून मिळवायची असते. यानमार या जपानी कंपनीच्या जीएम मालिकेतल्या जुन्या इंजिनांत हवा २३ पटीने दाबली जाते आणि त्यांना आधी उष्णता देणारे ग्लो प्लग नसतात. म्हणजे सगळा भरवसा दाबावर, आणि दाब सेल्फच्या वेगावर. बॅटरी अशक्त असेल, सेल्फ मारताना १० व्होल्टच्या खाली जात असेल, तर क्रँक संथ फिरतो, दाबलेली हवा भिंतींना उष्णता देऊन मोकळी होते, आणि पांढरा धूर. बॅटरीचं टर्मिनल घासून घट्ट केल्यावर "नोझल खराब झालेलं" इंजिन अर्ध्या सेकंदात लागल्याचे प्रसंग धक्क्यावर चवीने सांगतात.

आणि इथेच, सेल्फ मारता मारता, चांगली इंजिनं मरतात. सेल्फ फिरतो तेव्हा समुद्राच्या पाण्याचा पंपही फिरतो. इंजिन लागलेलं नसल्यामुळे ते पाणी बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. वॉटरलॉक भरतो, होज भरतो, मग पाणी एल्बोतून मागे उलटून उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. म्हणून चार-पाच वेळा सेल्फ मारूनही इंजिन लागत नसेल तर सीकॉक बंद करायचा आणि लागल्या क्षणी उघडायचा. तो उघडायला विसरू नये म्हणून इंजिनाची किल्ली सीकॉकच्या दांडीला अडकवून ठेवणारे लोक आहेत. त्यांना हसू नये. पाणी शिरल्याची शंका आलीच, तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून पुलीच्या नटावर पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे. कुठे घट्ट लागलं तर तिथेच थांबायचं.

इंजिन लागलं, मिनिटभर थोडा पांढरा धूर आला आणि गेला, तर कुणीही आपली झोप घालवू नये. मुंबईच्या हवेत पाच-सात मिनिटांनीही, लोड दिल्यावरही, डिझेलच्या वासाचा धूर येत राहिला तर मात्र शोध सुरू. शोधाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे, आणि पहिली पायरी डिझेलच. टाकीच्या तळाचं डिझेल पारदर्शक बरणीत काढून रात्रभर ठेवलं तर सकाळी पाणी खाली, डिझेल वर, आणि मधल्या रेषेवर कधी कधी काळपट शेवाळासारखं काही. तो डिझेल-पाण्याच्या सीमेवर वाढणारा जीवाणू-बुरशीचा थर. पावसाळ्याचे चार महिने बोट उभी, टाकी अर्धी रिकामी, डेकवरच्या डिझेल फिलरच्या झाकणाची ओ-रिंग चिरलेली, आणि वर धो धो पाऊस. ऑक्टोबरात इंजिन पांढरा धूर काढतं यात नवल काय. बरोबरीने फिल्टरच्या काचेच्या वाटीत पाणी साठलंय का बघायचं आणि खालचा नळ उघडून स्वच्छ डिझेल येईतो सोडायचं.

दुसरी पायरी एअर. डिझेलला एअर आली की इंजिन एका लयीत चालत नाही, आरपीएम वर-खाली होतो आणि धूर झुळकीझुळकीने येतो. गंमत अशी, की टाकी आणि तिच्यातून डिझेल ओढणाऱ्या लिफ्ट पंपाच्या मधला जोड सैल असेल तर तिथून डिझेल गळत नाही. तिथे ओढ असते, त्यामुळे हवा आत जाते. बाहेरून जोड कोरडा ठणठणीत दिसतो आणि शोधणारा पुढे निघून जातो. शिडाच्या बोटीला यात आणखी एक भर: वाऱ्याने बोट पंचवीस अंश कलली आणि टाकी पाव भरलेली असली, की ओढनळीचं तोंड उघडं पडतं. बंदरात सगळं सुरळीत, बाहेर कललं की धूर. एअर काढायची तर फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू ढिला करून लिफ्ट पंपाची दांडी हाताने मारायची, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की स्क्रू घट्ट. मग नोझलकडचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारायचा, तिथून डिझेल झिरपलं की घट्ट. जुन्या जीएम इंजिनांत या नटांना १७ चा पाना लागतो.

तोच १७ चा पाना पुढच्या चाचणीलाही लागतो. इंजिन आयडलला ठेवायचं, एका सिलिंडरच्या नोझलचा नट फडकं गुंडाळून अर्धा फेरा ढिला करायचा. हात कधीही जेटसमोर न्यायचा नाही, त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. आवाज पडला, इंजिन थरथरलं, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही तर तोच सिलिंडर आधीपासून फुकट बसलेला आहे आणि धूर त्याचाच. आता लगेच नवं नोझल आणू नये. दोन्ही नोझल आपसात बदलून बसवावीत आणि चाचणी पुन्हा करावी. आजार नोझलबरोबर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेला तर नोझल दोषी. जिथल्या तिथे राहिला तर नोझल निर्दोष, बहुधा दाब गेलेला. अर्ध्या तासाचं काम, खर्च दोन तांब्याच्या वॉशरचा. हे वॉशर दरवेळी नवे घालायचे, आणि त्याआधी जुना वॉशर भोकाच्या तळाशी चिकटून राहिलेला नाही ना, हे टॉर्च मारून बघायचं. एकावर एक दोन वॉशर बसले तर नोझल वर उचललं जातं, फवारा चुकीच्या जागी पडतो, आणि नव्या नोझलनंतर धूर वाढतो. पंपवाल्याच्या टेस्टरवर चांगलं नोझल कसं चालतं ते एकदा पाहायला हवं: जीएमसाठी दर चौरस सेंटिमीटरला साधारण १७० किलो दाबाला ते उघडतं, चर्र चर्र असा बारीक आवाज करत धुक्यासारखा फवारा सोडतं आणि बंद झाल्यावर टोकाला थेंब लोंबत नाही. लोंबणारा थेंब म्हणजेच मागचा पांढरा धूर.

नोझलकडे डिझेल दाबणारा इंजेक्शन पंप काढून पुन्हा बसवलेला असेल तर त्याच्याखालचे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) मोजून तेवढेच परत घातले होते का, हेही विचारावं. शिम वाढला की डिझेल उशिरा फवारलं जातं, जळायला वेळ उरत नाही. आणि थर्मोस्टॅट! इंजिन गरम होतंय म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणं हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे. मग इंजिन कधी गरमच होत नाही, सिलिंडरच्या थंड भिंतींवर डिझेल साचतं आणि पांढऱ्या धुराचं नवं दुखणं मागे लागतं. गोड्या पाण्यावरच्या जीएम इंजिनाचा थर्मोस्टॅट ७१ अंशांना उघडायला लागतो. सरळ समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्याचा मात्र ४२ अंशांनाच, कारण त्याहून फार गरम झालं तर आतल्या वाटांमध्ये मिठाची पुटं चढतात. म्हणजे खाऱ्या पाण्यावरचं इंजिन जन्मभर कोमटच राहतं आणि थोडा जास्त पांढरा धूर त्याच्या पत्रिकेतच असतो. शेजारच्या बोटीचं इंजिन बघून आपल्या इंजिनाला नावं ठेवण्याआधी दोघांचं पाणी कुठलं ते पाहावं.

दाब गेलेला असेल तर तिथून पुढे खर्चाचा रस्ता आहे: रिंगा, व्हॉल्व्ह, हेड. नवं इंजिन ३० किलोच्या आसपास दाब देतं. पण एका आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो. आणि शिडाच्या बोटीत हा दाब बहुधा फार चालवल्यामुळे जात नाही, न चालवल्यामुळे जातो. मूरिंगवरून सुटायचं, दहा मिनिटांत शीड वर, इंजिन बंद. परत येताना पुन्हा दहा मिनिटं. मधे कधीतरी फ्रिजसाठी, दिव्यांसाठी बॅटरी चार्ज करायची म्हणून तासभर आयडलवर टकटक. इंजिन खऱ्या अर्थाने कधी तापतच नाही. अर्धवट जळलेलं डिझेल रिंगांना चिकटतं, सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत होते, त्यावर ऑइल टिकत नाही. मच्छीमाराचं इंजिन दिवसाला दहा-बारा तास राबून वर्षानुवर्षं टिकतं आणि साहेबांचं इंजिन तीनशे तासांत म्हातारं होतं. नाइलाजाने चार्जिंग करायचंच असेल तर गिअर टाकून, मूरिंगच्या दोरावर ओढ देऊन करावं, आणि दर वेळी बाहेर पडल्यावर निदान वीस मिनिटं तीन-चतुर्थांश आरपीएमवर लोड देऊन चालवावं. सुरुवातीला धूर उलट वाढेल, साठलेला मळ जळतो. बऱ्याच इंजिनांचा पांढरा धूर एवढ्यानेच जातो. शिडाच्या माणसाला मात्र वारा चांगला असताना इंजिन चालू ठेवणं जिवावर येतं, आणि ते समजण्यासारखंही आहे.

तिसरा पांढरा, म्हणजे कूलंट, ओळखायला सोपा आणि पचवायला अवघड. हेडर टँकची, म्हणजे कूलंटच्या टाकीची, पातळी पेनाने खूण करून ठेवायची, दोन-तीन फेऱ्यांत ती उतरत असेल आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, गळती नसेल तर ते पाणी कुठेतरी जळतंय. इंजिन थंड असताना झाकण काढून सुरू करायचं. सलग बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट. ऑइलची गेजकाडी काढून पाहायची. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, पातळी वर चढलेली असली, तर पुढचं काही करण्याआधी ते ऑइल काढून टाकायचं. खारं पाणी शिरलेलं असेल तर तासातासाला बेअरिंग गंजत असतात. मात्र खारं पाणी दिसलं की लगेच गॅस्केटवर खापर फोडू नये. इंजिन पाण्याच्या पातळीखाली बसवलेलं असेल तर एल्बोकडे जाणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या होजच्या वरच्या वळणावर हवा घेणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, सायफन तोडण्यासाठी. त्यावर मीठ जमून तो बसला, की इंजिन बंद केल्यावर समुद्र सावकाश एल्बोत आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा धूर, आणि मिस्त्री हेड खोलायला तयार. व्हॉल्व्ह गोड्या पाण्यात धुतला की काम झालं असतं.

राहिली वाफ, म्हणजे पाण्याची बाजू. इथे दोष बहुतेक वेळा फालतू असतो: गाळणीत अडकलेली प्लास्टिकची पिशवी, सीकॉकच्या तोंडाशी वाढलेली शिंपलं, आतून सालपटं सुटलेला जुना रबरी होज, जो बाहेरून ठीक दिसतो आणि आतून गळा आवळतो. एल्बोत गंज आणि काजळीचा थर. हीट एक्सचेंजरच्या नळ्यांत, बाकीचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणाऱ्या झिंकच्या काडीचे तुकडे. आणि इम्पेलर. चार महिने एकाच जागी उभा राहिलेला इम्पेलर एका बाजूच्या पात्या वाकवून बसलेला असतो. पहिल्याच दिवशी त्यातली एखादी मुळाशी तुटते. बदलायला दहा मिनिटं: सीकॉक बंद, चार स्क्रू, झाकण, जुना काढायचा, नव्याला थोडा भांडी घासायचा साबण लावून पात्या फिरण्याच्या उलट दिशेला वाकवत बसवायचा. ग्रीस लावू नये, रबर फुगतं. या सगळ्यात एकच काम असं आहे जे कुणाच्या लक्षात राहत नाही. जुन्याच्या पात्या मोजायच्या.

त्या अठ्ठावीस फुटी बोटीच्या केबिनमध्ये, जिन्याखाली, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात फ्यूज, दोन तांब्याचे वॉशर, टोकाला गंजलेली एक शॅकल, आणि ऑक्टोबरात काढलेला जुना इम्पेलर, अडीअडचणीला असावा म्हणून जपून ठेवलेला. सहा पात्यांचा. त्याला चारच पात्या होत्या. जिथून दोन तुटल्या तिथे रबराच्या कडा स्वच्छ, टोकदार, ताज्या जखमेसारख्या. डबा कितीदा उघडला गेला असेल. नोझलचे वॉशर त्यातूनच घेतले गेले होते.

नंतरच्या रविवारी डिंगीतून बादली धरली तेव्हा अर्ध्या मिनिटात जेमतेम दीड लिटर पाणी आलं. बादलीत तवंग नाही. खाकी कागद वाळून मीठ पांढरं झालं, डाग एकही नाही. वास, नेहमीच्या धुराचा. मग हीट एक्सचेंजरच्या तोंडाचा होज सोडवला, टॉर्च मारला, आणि नोज प्लायरने एक पाती सबंध बाहेर आली, वाकून नळ्यांच्या तोंडावर पदरासारखी पसरलेली. तिच्यामागे दुसरीचा वरचा अर्धा भाग. होज बसवून पुन्हा बादली धरली तर तीन लिटरच्या वर पाणी, आणि आवाजही पूर्वीचा, पचाक पचाक. थोडी वाफ तरीही होतीच. थंडीच होती तेवढी.

हॅचवर फडकं अंथरून त्यावर जुना इम्पेलर ठेवला आणि सापडलेले तुकडे त्याला जुळवून पाहिले. दीड पाती. उरलेली अर्धी नळ्यांत नाही, दोन्ही टोकांनी टॉर्च मारून झाला. पुढे गेली असेल तर मिक्सिंग एल्बोत बसली असणार, काजळीत रुतून. एल्बोचे चार बोल्ट गंजून एकजीव झालेत. त्यांच्यावर गंज सुटायचं तेल मारून ठेवलंय. शनिवारी दुपारी, ओहोटीला.